सभासद भेटीत प्लास्टिकचे डबे नकोत, काचेचे द्या : आमच्या सहकारी पत सोसायटीच्या संचालक मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष व सर्व संचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस आणि अहवाल मिळाला. अहवालाच्या शेवटच्या पानावर लिहिले आहे की संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त प्रत्येक सभासदाला 'मायक्रोवेव्ह सेफ, एअरटाइट' अशा १२ प्लास्टिक डब्यांचा संच भेट देण्याचे ठरले आहे. नमुन्याचा संच शाखेत काउंटरवर मांडला आहे. तो मी हातात घेऊन, उलटा-सुलटा करून पाहिला. हा निर्णय मला मान्य नाही. का मान्य नाही हे काउंटरवरच्या मुलाला सांगून उपयोग नाही, त्याच्या हातात काही नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता यावे म्हणून उघड लिहिते आहे.

संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही. माझे संस्थेशी भांडण नाही. शिवाय बेळगाव, शहापूर, वडगावात, खाली खानापूरकडे आणि वर निपाणीकडे सभेच्या किंवा दिवाळीच्या वेळी सभासदांना अशीच भेट देणाऱ्या सोसायट्या पुष्कळ आहेत. त्यांच्या संचालकांनीही हे वाचावे अशी इच्छा आहे.

माझा यात संबंध काय, ते आधी सांगते. शहापुरात माझे घरगुती काम आहे. शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी, संकेश्वरी मिरचीचा मसाला, उन्हाळ्याच्या शेवटी लोणची, आणि कॉलेजच्या पोरांना दुपारचे डबे. मसाला दळायचे यंत्र तुमच्याच कर्जातून घेतले आणि कर्ज वेळेत फेडले. संध्याकाळी पिग्मीवाला, म्हणजे रोजची बचत घरी येऊन गोळा करणारा, येतो तेव्हा त्याच्या हातात जे पैसे पडतात ते याच चटणी-मसाल्याचे. माझी अन्नसुरक्षा नोंदणी आहे. एवढ्याशा धंद्यालाही ती घ्यावी लागते, आणि त्या निमित्ताने अन्न कशात ठेवावे, कशात ठेवू नये, याचे नियम मला वाचावे लागले. घरात चार वर्षांची नात आहे. तुमच्या संचातल्या डब्यात तिचा वरणभात जाणार आहे.

आता तक्रारी.

पहिली तक्रार, आम्हाला विचारले नाही. ही भेट कोणाच्या खिशातून येत नाही. ती नफ्यातून येते, आणि नफा आमच्या ठेवींवर आणि आम्ही भरलेल्या व्याजावर उभा आहे. देशातल्या अगदी पहिल्या सहकारी पतसंस्थांपैकी एक १९०५ साली आपल्या शेजारच्या गदग जिल्ह्यात, कणगिनहाळ गावात, सिद्धनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने निघाली. गावकऱ्यांचा पैसा गावकऱ्यांच्या गरजेला यावा, एवढ्यासाठी. आपण त्याच वाटेवरून चाललो आहोत असे तुम्ही दरवर्षी भाषणात सांगता, आणि मला ते मनापासून पटते. मग स्वयंपाकघरात जाणारी वस्तू निवडताना स्वयंपाकघरात राबणाऱ्या सभासदांना का विचारले नाही? मंडळावर महिला संचालक आहेत. त्यांचे मत घेतले होते का, तेवढे सभेत कळावे.

दुसरी तक्रार त्या डब्यांची. झाकणावर त्रिकोणात ५ हा आकडा आहे. डब्याच्या बुडाला मात्र काहीच नाही. ना आकडा, ना अन्नासाठी योग्य असल्याचे पेला-काट्याचे चिन्ह, ना बनवणाऱ्याचे नाव. खोक्यावर इंग्रजीत 'फूड ग्रेड' छापले आहे, पण खोके आपण दुसऱ्या दिवशी रद्दीत घालतो. प्लास्टिकचा आकडा ही साधी गोष्ट नाही. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक, ते गरम अन्नासाठी सहसा नसते. ३ म्हणजे पीव्हीसी, त्याला मऊ करायला थॅलेट नावाची रसायने घालतात. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, थर्माकोल ज्याचा बनतो ते. ७ मध्ये बाकी सगळे येते, त्यात पॉलिकार्बोनेटही, आणि पॉलिकार्बोनेट बिस्फेनॉल ए पासून बनते. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ते त्यातल्या त्यात बरे. आकडाच नसलेला डबा यातला कोणता समजायचा?

बिस्फेनॉल ए बद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण ते शरीरात इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखे वागते आणि लहान मुलांना त्याचा धोका जास्त मानला जातो. युरोपात २०११ पासून बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत त्याला बंदी आहे. आपल्याकडेही बाळाच्या बाटल्यांच्या भारतीय मानकाने ते नाकारले. २०२३ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याची रोजची सुरक्षित मर्यादा आधीपेक्षा २० हजार पटींनी खाली आणली, आणि २०२५ पासून तिथे अन्नाला लागणाऱ्या वस्तूंमध्येच त्यावर बंदी लागू झाली. एवढ्या मोठ्या संस्थेला आपला जुना अंदाज इतका बदलावा लागला, तर बिनआकड्याचा डबा घरोघरी वाटताना आपण निदान थांबून विचार तरी करावा. 'बीपीए फ्री', म्हणजे बिस्फेनॉल ए नसलेला, असे लिहिलेला डबा घ्या, असे कोणी सुचवील. त्याच्या जागी बऱ्याचदा बिस्फेनॉल एस वापरतात, आणि तेही त्याच कुळातले, संप्रेरकांवर परिणाम करणारे आहे.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी. आपण त्या डब्यात काय ठेवतो, याचा विचार इथे झालेलाच नाही.

आपल्याकडचे जेवण डोळ्यांसमोर आणा. तेलाचा तवंग आलेली कटाची आमटी. चिंच-गूळ घातलेली भाजी. तेलात बुडालेले लोणचे. चुलीवरून किंवा गॅसवरून उतरवलेला रस्सा, जो गार व्हायची वाट न बघता डब्यात ओतला जातो, कारण पोराची बस सुटायची असते. उष्णता, तेल, आंबट, मीठ. प्लास्टिकमधले पदार्थ अन्नात उतरायला ज्या ज्या गोष्टी मदत करतात त्या सगळ्या आपल्या एका वाटीत असतात. प्लास्टिकची चाचणी घेताना प्रयोगशाळाही साध्या पाण्यावर थांबत नाही. भारतीय मानकाच्या पद्धतीत आंबट अन्नाच्या जागी ३ टक्के ॲसिटिक ॲसिड आणि तेलकट अन्नाच्या जागी हेप्टेन नावाचा द्रव वापरून किती उतरते ते मोजतात. २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत अन्न भरायच्या प्लास्टिकमधून १ किलो अन्नात ६० मिलिग्रॅमपर्यंत उतरलेले चालते. म्हणजे काहीतरी उतरते हे कायद्यालाही ठाऊक आहे, तो फक्त किती याची हद्द घालतो. आणि ही चाचणी नव्या कोऱ्या प्लास्टिकची असते. तारेच्या घासणीने वर्षभर घासलेल्या, चरे पडलेल्या डब्याची कोणी घेत नाही.

ज्यांना चाचण्यांचे आकडे नको असतील त्यांनी आपल्या घरातला प्लास्टिकचा जुना डबा उघडून बघावा. आत पिवळा डाग असतो. हळदीतले करक्युमिन तेलात विरघळते आणि तेलाबरोबर प्लास्टिकमध्ये शिरते. साबण, लिंबू, ऊन, काही केले तरी तो डाग पूर्ण जात नाही, कारण तो वर नाही, आत आहे. मसाल्याचा वासही तसाच बसतो. माझ्याकडे गिऱ्हाईक चटणी घ्यायला घरचा प्लास्टिकचा डबा घेऊन येते, तेव्हा झाकण उघडताच मागच्या वेळी त्यात काय होते ते कळते. जिथून आत जायला वाट आहे तिथून बाहेर यायलाही वाट असते.

'मायक्रोवेव्ह सेफ' या शब्दांवर तर तुम्ही विसंबूच नका. डबा वितळणार नाही, वाकणार नाही, एवढाच त्याचा मुख्य अर्थ. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली बाळांचे अन्न ठेवायचे पॉलिप्रॉपिलीनचे डबे, म्हणजे आपल्या भाषेत ५ नंबरवालेच, मायक्रोवेव्हमध्ये ठेवून पाहिले. ३ मिनिटांत एका चौरस सेंटीमीटरमधून ४२ लाखांपर्यंत प्लास्टिकचे सूक्ष्म कण आणि २०० कोटींहून अधिक अतिसूक्ष्म कण सुटू शकतात असे त्यांना दिसले. फ्रिजमध्ये आणि बाहेर महिनोन्‌महिने ठेवलेल्या डब्यांतूनही कण सुटले. हे कण शरीरात जाऊन काय काय करतात याचा अभ्यास अजून चालू आहे. तो पुरा होईपर्यंत आपल्या नातवंडांच्या पोटात ते जाऊ द्यावेत असे मला वाटत नाही, आणि तुम्हालाही वाटू नये.

हे परदेशातले म्हणून सोडून देऊ नका. २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्याच कर्नाटकच्या अन्नसुरक्षा विभागाने राज्यभरातून इडलीचे सुमारे अडीचशे नमुने घेतले. पन्नासाहून जास्त ठिकाणी इडली वाफवताना कापडाऐवजी प्लास्टिकचा कागद वापरत होते. आरोग्यमंत्री दिनेश गुंडूराव यांनी त्यावर बंदी जाहीर केली. गरम अन्न आणि प्लास्टिक एकत्र येऊ नये, हे सरकारने हॉटेलवाल्यांना सांगितले. आपली सोसायटी तेच दोन्ही घरोघरी एकत्र आणते आहे.

चौथी तक्रार थोडक्यात. हे डबे दोन-तीन वर्षांत पिचतात, बिजागरी तुटते, झाकण सैल होते. मग ते कुठे जातात? काही तुरमुरीच्या कचरा डेपोवर, काही गटारात. दर पावसाळ्यात बळ्ळारी नाला तुंबतो आणि शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात पाणी उभे राहते, तेव्हा त्या पाण्याबरोबर काय काय येते ते शेतकरी सभासदांना विचारा. राज्याने मार्च २०१६ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्या, ताटे, पेले बंद केले. हजारो सभासद असलेल्या संस्थेने त्याच वर्गातली वस्तू वाटावी, हे शोभत नाही.

पूर्वी तुम्ही स्टीलची भांडी देत होता. बुडाला संस्थेचे नाव आणि साल घातलेले पातेले माझ्या सासूबाईंच्या हाताखाली कित्येक वर्षे चालले, अजून चालते. त्यावरचे नाव वाचता येते. या संचावर संस्थेचे स्टिकर आहे, ते पहिल्या धुण्यात निघेल.

मग काचच का, स्टील का नाही? स्टीलही चांगले. प्रवासाला, शेतावर, शाळेत स्टीलच न्यावे. पण फ्रिजमध्ये उरलेले ठेवायला, आंबट आणि तेलकट टिकवायला काचेला तोड नाही. काच वास धरत नाही, डाग धरत नाही, आंबटाने तिचे काही होत नाही. आत काय आहे ते झाकण न उघडता दिसते, त्यामुळे शिळे कोपऱ्यात पडून राहत नाही. आपण लोणचे पिढ्यान्‌पिढ्या चिनी मातीच्या बरणीत आणि काचेच्या बरणीत घालत आलो ते उगाच नाही. मध्येच प्लास्टिक आले आणि बरण्या माळ्यावर गेल्या.

काचेतही फरक आहे, तो खरेदी करणाऱ्याने समजून घ्यावा. बाटलीची, पेल्याची साधी काच गरम रस्सा ओतला की तडकू शकते. बोरोसिलिकेट काचेत साधारण ८० टक्के वाळूतली सिलिका आणि १३ टक्क्यांच्या आसपास बोरॉनचे ऑक्साइड असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या ओट्टो शॉट यांनी ती बनवली. उष्णतेने ती साध्या काचेच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढीच प्रसरण पावते, म्हणून सहजी तडकत नाही. प्रयोगशाळेतली भांडी याच काचेची असतात. दुसरी 'टेम्पर्ड', म्हणजे तापवून झटकन गार करून कडक केलेली काच. ती आपटल्यावर लवकर फुटत नाही, पण फ्रिजमधून काढून थेट तापवली तर दगा देऊ शकते. दोन्ही बाजारात शेजारी शेजारी मांडलेल्या असतात आणि दिसायला सारख्याच. संस्थेने बोरोसिलिकेट मागावी आणि तसे बिलावर लिहून घ्यावे.

तुमच्याकडून जी उत्तरे येतील ती मला ठाऊक आहेत, कारण शाखेत ती मला मिळाली.

'काच फुटते, बायका तक्रार करतील.' आपल्या भागातल्या बायकांना काच सांभाळणे नवीन नाही. वीज येण्याआधी घरोघरी कंदील होते. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील या भागात कोणाला माहीत नाही? त्याची काच रोज संध्याकाळी राखेने नाहीतर फडक्याने पुसून परत बसवायची, हे काम आमच्या आज्या, सासवा, घरातल्या पोरीबाळी करत. ती पातळ काच वर्षानुवर्षे टिकवली जाई. डब्याची काच तिच्यापेक्षा जाड आहे.

'झाकण प्लास्टिकचेच असते.' खरे आहे. म्हणून झाकणाला अन्न लागणार नाही इतके भरावे, गरम करताना झाकण काढून ठेवावे, वर बशी झाकावी. झाकण खराब झाले तर तेवढे बदलता येते, डबा राहतो.

'महाग पडेल.' पडेल. तर १२ ऐवजी ३ द्या. एक वाटीभर आमटीचा, एक भाजीचा, एक मोठा. बारा डबे कोणाच्या फ्रिजमध्ये मावतात? निम्मे तर माळ्यावरच जातात. मला तीन पुरतात, आणि ते तीन माझी नातही वापरील.

'कोरडे सामान ठेवायला काय हरकत?' डाळ, रवा, पोहे चांगल्या ५ नंबरच्या डब्यात ठेवायला माझी फारशी हरकत नाही. बेळगावच्या पावसात मांडे आणि पापड सादळू नयेत म्हणून घट्ट झाकणाचा डबा लागतो, हे मी नाकारत नाही. पण तुम्ही संच 'मायक्रोवेव्ह सेफ' म्हणून देता आहात, रव्यासाठी नाही. लोक त्यात गरमच ठेवणार.

आता माझ्या मागण्या.

प्लास्टिक संचाची खरेदी सभेपर्यंत थांबवा. आगाऊ रक्कम दिली असेल तर किती आणि कोणत्या अटीवर, ते सभेत सांगा.

भेटीच्या जागी झाकणासह बोरोसिलिकेट काचेचे तीन डबे द्या. ज्या सभासदांना काच नको, विशेषतः खेड्यांतल्या आणि रोज शेतावर जाणाऱ्यांना, त्यांना तेवढ्याच किमतीचा स्टीलचा डबा घेण्याची मुभा द्या. आणि ज्यांना काहीच नको त्यांची रक्कम त्यांच्या खात्यावर जमा करा.

प्रत्येक डब्याबरोबर एक साधी चिठ्ठी द्या, मराठीत आणि कन्नडमध्ये. आपले सभासद दोन्ही भाषांचे आहेत आणि खोक्यावरचे इंग्रजी दोघांनाही अडते. चिठ्ठीत एवढेच असावे : गॅसच्या ज्योतीवर ठेवू नये, फ्रिजमधून काढून लगेच तापवू नये, फ्रीजरमध्ये ठेवताना वर बोटभर जागा सोडावी, तारेच्या घासणीने घासू नये, काठाला टवका गेला तर अन्नासाठी वापरू नये.

पुढच्या वर्षीपासून सभासद भेट ठरवण्यासाठी पाच जणांची समिती असावी, त्यात निम्म्याहून जास्त महिला सभासद असाव्यात, आणि आलेल्या कोटेशनची यादी शाखेच्या नोटीस बोर्डावर लावावी.

या चारही मागण्यांचा ठराव मी नियमाप्रमाणे लेखी देते आहे. सूचक म्हणून माझी सही आहे, अनुमोदनाला आमच्या गल्लीतल्या दोन सभासद भगिनी तयार आहेत. सभेच्या विषयपत्रिकेत तो घ्यावा. 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' यात ढकलू नये, कारण तोवर निम्मी सभा जेवायला उठलेली असते.

लेखी उत्तर सभेच्या आधी मिळावे. काउंटरवर मांडलेल्या संचाशेजारी ते लावले तरी चालेल, म्हणजे संच बघायला येणाऱ्यांना तेही वाचता येईल.

आपली विश्वासू,
एक महिला सभासद
शहापूर, बेळगाव